चौरंग रिकामा होईपर्यंत

तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या समस्त चाळकऱ्यांना, तसंच समोरच्या इमारतीच्या गॅलरीतून सगळा प्रकार मोबाइलवर टिपून घेणाऱ्या हितचिंतकांना याद्वारे जाहीर करण्यात येतं की, यंदा चतुर्थीच्या सकाळी आमच्या घरचा गणपती उंबऱ्याबाहेर सतरा मिनिटं खोळंबला, ही गोष्ट खरी आहे. मूर्ती माझ्याच हातात होती. घरात भांडण झालेलं नव्हतं, कुणाला चक्कर आलेली नव्हती आणि गुरुजी तर दहा मिनिटं आधीच येऊन बसले होते. खोळंब्याची संपूर्ण जबाबदारी एक कोंबडी आणि माझी आई यांच्यावर आहे. दोघींपैकी एकीलाही पश्चात्ताप झालेला नाही.

लालबागेतल्या आमच्या खोलीचं भाग्य असं की ती तळमजल्यावर आहे आणि तिला मागचं दार आहे. त्या दारातून बाहेर पडलं की दहा बाय बारा फुटांचा मोकळा तुकडा लागतो. तीन बाजूंना भिंती, एका कोपऱ्यात मोरीचा पाइप, दुसऱ्या कोपऱ्यात आपोआप उगवलेली पपई. तिथे मी कोंबड्या पाळतो. सकाळी त्यांना दाणे टाकून मी गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या एका काचेच्या मनोऱ्यात नोकरीला जातो. एकोणिसाव्या मजल्यावरच्या मीटिंगमध्ये बाह्यांवर पीस घेऊन बसणारा मी तिथला एकमेव माणूस आहे, आणि याचा मला सार्थ अभिमान आहे.

सुरुवात चार कोंबड्यांनी झाली. मी त्या बाजारातून "अस्सल गावठी" म्हणून आणल्या. आईने एकेकीला पाय धरून उलटी केली, पिसं फुंकरून पाहिली आणि निकाल दिला, "ही गावठी? हिच्या बापाशीक तरी गाव म्हायत आसा काय?"

आई एक्याऐंशी वर्षांची आहे. लग्न होऊन सिंधुदुर्गातून या खोलीत आली त्याला साठ वर्षं झाली, पण तिची बोली अजून मुंबईला पोहोचलेली नाही. कोंबडी म्हणजे काय याची तिची व्याख्या माहेरी ठरली होती. तिच्या माहेरच्या कोंबड्यांच्या मानेवर पीसच नसायचं. लालबुंद, उघडी मान आणि खाली भरगच्च अंग. आई त्यांना सरळ "नागड्या मानेच्या" म्हणते. माझी बायको दर वेळी कळवळते, "आई, निदान माणसांत तरी तो शब्द नका वापरू."

"मगे काय म्हणू? मानेर कापडा नसलेली?"

आमच्या शेजारच्या खोलीतल्या सिस्टर अशा वेळी मदतीला धावतात. परळच्या एका मोठ्या इस्पितळात त्यांनी बत्तीस वर्षं लेबर वॉर्डात काढली. निवृत्त होऊनही चाळीत त्यांना कुणी दुसऱ्या नावाने हाक मारत नाही. "इंग्रजीत पण नेकेड नेकच म्हणतात, काकी," त्यांनी आईला सांगितलं होतं. "मी गुगल केलं. तुम्ही बिनधास्त म्हणा." सिस्टरांच्या घरात दर्शनी भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध आहेत. श्रावणात आमच्या कोंबड्यांची सगळी अंडी त्यांच्या फ्रीजमध्ये जातात. श्रावण लागला की आमच्या घरात अंड्याला बंदी असते, ती थेट गणपती जाईपर्यंत. आई या बाबतीत इतकी कडक आहे की, शेजारच्या वाढदिवसाचा केक आला तर तो आधी हुंगते आणि मग पेटीसकट परत पाठवते. कोंबड्या मात्र श्रावण पाळत नाहीत. सिस्टर म्हणतात, "तुमचा उपास, माझं ऑम्लेट. असे शेजारी मिळायला भाग्य लागतं."

यंदा श्रावणाच्या तोंडाशी आईच्या माहेरून फोन आला. मामा जाऊन वर्ष झालं होतं. मामी आता मुलाकडे पुण्याला कायमची निघाली होती. घराला कुलूप लागणार होतं. कोंबड्या आसपासच्यांनी वाटून घेतल्या, त्यातल्या बऱ्याच मसाल्यात गेल्या असणार, हे मामीने सांगितलं नाही आणि आईने विचारलं नाही. आईने एवढंच विचारलं, "अंडी असत काय?"

सात अंडी होती. मामेभाऊ पुण्याला जाण्याआधी वाट वाकडी करून आमच्याकडे आला आणि तांदळाच्या डब्यात खुपसलेली ती सात अंडी त्याने आईच्या पदरात टाकली. आईने एकेक अंडं कानाशी नेलं, जणू पलीकडून कुणी बोलणार होतं. मग मला म्हणाली, "आता ह्यांच्यातसून काय इला तर इला. नायतर संपला."

या कामासाठी उबदार कोंबडी लागते आणि आमची कवडी त्याच आठवड्यात खुडूक झाली होती. अंगभर ठिपके म्हणून कवडी. खुडूक कोंबडी अंडी घालायचं सोडून देते आणि एका जागी अंग फुगवून बसून राहते. तिच्या पोटाखाली जे सरकवाल ते ती आपलं मानते. मी अशा प्रसंगाची वाटच पाहत होतो. आंब्याच्या पेटीला पत्र्याचं छप्पर, आत भुसा, पुढे गोणपाटाचा पडदा असं प्रसूतिगृह मी दोन रविवार खपून बांधलं. उद्घाटनाला सिस्टरांना बोलावलं. कवडी आत शिरली, एक फेरी मारली, बाहेर आली आणि भिंतीकडच्या ताडपत्रीखाली जाऊन बसली.

बायको म्हणाली, "अहो, तुमच्या हॉस्पिटलातून पेशंट पळाला."

संध्याकाळी आईने सातही अंडी तिथेच, ताडपत्रीखाली, तिच्या पोटाखाली सरकवली. मी म्हटलं, ठीक आहे. कोंबडी बसली, विषय संपला.

आठवड्याभराने मी गणपतीच्या तयारीला लागलो. आधी चौरंग काढून धुवायचा म्हणून मागे गेलो, ताडपत्री उचलली आणि तशीच पुन्हा खाली सोडली. आमच्या गणपतीचा चौरंग माझ्या वडिलांनी केलेला आहे. ते गिरणीत सुतारखात्यात होते. सागवानाचा, कातीव पायांचा, खाली चारही बाजूंनी पट्टी मारलेला. खोलीत जागा नाही म्हणून तो वर्षभर मागे ताडपत्रीत गुंडाळलेला असतो आणि वरची बाजू खराब होऊ नये म्हणून आम्ही तो उलटा ठेवतो. म्हणजे चार पाय आकाशाकडे, पट्ट्यांमुळे मधे छान खोलगट परात झालेली, वर पायांवर ताडपत्रीची मच्छरदाणी. मी सात जन्म खपलो असतो तरी असं घरटं मला जमलं नसतं. त्यात कवडी बसली होती, महाराणीसारखी.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेलो. कोंबडीची अंडी एकवीस दिवसांनी फुटतात. मी बोट ठेवून मोजलं. पुन्हा मोजलं. एकविसावा दिवस म्हणजे चतुर्थी.

"आई," मी गंभीर आवाजात म्हटलं, "एक मोठा घोटाळा झालाय."

"माका म्हायत आसा," आई वाल निवडत म्हणाली. "अंडी ठेवलंय तेवाच मोजलंय."

"मग चौरंगाचं काय? यंदा नवीन पाट आणू?"

"देव त्याच चौरंगार बसतलो."

"मग कवडीला हलवू?"

"मेल्या, तिका हात लावशीत तर बघ!"

असे एकमेकांना छेद देणारे दोन हुकूम एका दमात सोडून आई पुन्हा वाल निवडू लागली. बायकोने भीत भीत मुद्दा काढला की, अंडी घराला चालत नाहीत आणि ही तर थेट देवाच्या आसनावर आहेत. आईचं उत्तर तयार होतं. "ती खालच्या बाजूक बसली हा. देव वरच्या बाजूक बसता." बायकोने आणखी एक शंका काढली, पिल्लं झाली तर सोयर लागेल का? यावर आई मात्र खरोखर विचारात पडली. वाल निवडणारा हात थांबला. अखेर ती म्हणाली, "कोंबडीचा सोयर कोंबडीक."

मी आज्ञाधारक मुलगा आहे, पण व्यवस्थापनाचा मला अनुभव आहे. सोळाव्या दिवशी, आई दुपारची पडली असताना, मी मोटरसायकलचे हातमोजे चढवले आणि कवडीला अंड्यांसकट टोपलीत हलवायला गेलो. पुढची दोन मिनिटं मी फारशी सांगण्यासारखी कामगिरी केली नाही. मनगटावर चोच बसली, मी ओरडलो, कवडी उडून पपईवर गेली आणि सात अंडी उघड्यावर पडली. बाहेर भुरभुर पाऊस.

आई दारात उभी होती. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती चौरंगाशेजारी खाली बसली आणि दोन्ही तळहात तिने अंड्यांवर पसरले. त्या हातांना किती ऊब असणार? बायको आत धावली, आईचं एक जुनं मऊ लुगडं काढून त्यावर इस्त्री फिरवून ते गरम गरम बाहेर घेऊन आली. ते थंड झालं की दुसरं. अर्ध्या तासाने कवडी खाली उतरली, माझ्याकडे तुच्छतेने पाहिलं आणि आपल्या जागी जाऊन बसली.

संध्याकाळी सिस्टर आल्या. मोरीतला दिवा बंद करून त्यांनी एकेक अंडं मोबाइलच्या टॉर्चवर धरलं. दोन रिकामी होती, ती मुळातलीच. बाकीच्या पाचांत काळी गाठ होती आणि ती हलत होती. मी सुटकेचा निःश्वास सोडला, तशा सिस्टर अंधारातून म्हणाल्या, "सुटलात. पण काकी, हे सगळे फुल टर्म जाऊ देत. मी देव मानत नाही, पण ड्यू डेट मानते. यांना कुणी हलवायचं नाही." सोळाव्या दिवसानंतर मी मागच्या दारातून फक्त दाणे टाकायला जात असे, तेही परवानगीने.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी पहिलं अंडं चिरलं. पहाटेपर्यंत चार पिल्लं कवडीच्या पिसांतून डोकी काढत होती. पिवळी, गुबगुबीत, गोजिरवाणी. आईने एकेकाची मान बोटाने चाचपली. चारही मानांवर दाट लव. आम्हाला आवडलेल्या त्या गुबगुबीतपणाकडे इतक्या निराशेने पाहणारं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं. उरलं पाचवं अंडं. त्याला जोंधळ्याएवढं भोक पडलं होतं आणि भोकातून चोचीचं टोक दिसत होतं.

"मी मूर्ती घेऊन येतो," मी म्हटलं. "तोवर निघेलच बाहेर."

गुरुजींनी आम्हाला आठ चाळीसची वेळ दिली होती. त्यानंतर त्यांची अकरा घरं होती. कारखान्यातून मूर्ती उचलली, रुमालाने तोंड झाकलं, पुढे झांजा, मागे चाळीतली पोरंटोरं, असा आमचा लवाजमा वाजतगाजत चाळीत शिरला. "मोरया!" दारात बायको भाताच्या मुदीचं ताट आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी. तिने ओवाळलं, माझ्या पायांवर पाणी घातलं आणि मग जागची हललीच नाही.

"व्हा ना बाजूला," मी कुजबुजलो.

"कुठे ठेवणार? चौरंग कुठाय?"

मी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. भिंतीवर साडीची आरास, दिव्यांची माळ, खाली रांगोळी आणि रांगोळीच्या मधोमध चौकोनी मोकळी फरशी. शेजारी गुरुजी घड्याळ बघत होते. पलीकडे मागचं दार उघडं होतं, आणि नवीन इरकल नेसलेली आई पाठमोरी, ओल्या जमिनीवर उकिडवी बसली होती. तिच्या शेजारी सिस्टर, खांद्यावर टॉवेल.

"आई!" मी हाक मारली. "देव दारात आहे!"

झांजा थांबल्या. आई मागे वळलीही नाही. फक्त एक हात वर करून ओरडली, "देवा, वायच थांब रे! हिचा होऊंदे!"

तर मंडळी, आम्ही थांबलो. शाडूची मूर्ती दिसते त्यापेक्षा जड असते. पाच मिनिटांत माझे खांदे भरून आले, दहाव्या मिनिटाला बोटं कुणाची हे कळेनासं झालं. बायको एका हाताने खालून मूर्तीला आधार देऊ लागली. वरच्या मजल्यांवरून माणसं वाकून विचारू लागली, काय झालं? पहिल्या मजल्यावरच्या कुणीतरी दुसऱ्या मजल्याला सांगितलं की आत डिलिव्हरी चालू आहे. समोरच्या गॅलरीत तेव्हाच मोबाइल निघाले. गुरुजींनी एकदा घसा खाकरला, मग स्वतःच उठून मागच्या दाराशी गेले आणि तिथेच उभे राहिले. सिस्टरांचा आवाज येत होता, हळू, वॉर्डातला: "ओढू नका, काकी. आपलं आपण येऊ दे. येतंय. मान फिरवतंय बघा."

मी माझ्या हातातल्या रुमालाखालच्या देवाकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, बाबा, तू सगळं बघतोयस. तिला एवढं दे. माझे हात पडले तरी चालतील.

आणि मागच्या दारातून, गुरुजींना बाजूला सारत, इरकलीला चिखल लागलेली माझी आई आली. ओंजळीत ओलं, लडबडलेलं काहीतरी होतं. ते तिने देवाच्या समोर, अख्ख्या चाळीला दिसेल असं उंच धरलं आणि साठ वर्षांत कधी ओरडली नसेल इतक्या मोठ्याने ओरडली,

"नागड्या मानेचा इला रे! आता येऊंदे देवाक आत!"