बिननाडीच्या परकराची नीलम्मा

नीलम्मा मैंदर्गीची, कानडी घरातली. लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा तिला मराठीतलं 'व्हय' आणि 'न्हाय' एवढंच येत होतं, असं माझी आई सांगायची. मला आठवते ती त्यानंतरची, चौतीस-पस्तीस सालातली नीलम्मा. बाळीवेशीतल्या आमच्या बोळात समोरच्याच घरात ती राहायची. कपाळाला विभूतीची बोटं, अंगावर इरकल लुगडं आणि दातात दोरा. दोरा तोडायला कात्री जवळ असली तरी ती दातच वापरायची.

तिचा नवरा सोमलिंग नव्या पेठेत सायकलदुरुस्तीच्या दुकानात काम करायचा. कुणीतरी भंगारात टाकलेलं हातमशीन त्याने घरी आणून खटपट करून चालू केलं आणि बायकोपुढे ठेवलं. नीलम्मा त्यावर आपली आपणच शिकली. मिलचा सकाळचा भोंगा झाला, चूल उरकली की ती मशीन घेऊन दारातल्या कट्ट्यावर बसायची. बोळातल्या आम्हा पोरींचे परकर-पोलकी तीच शिवायची.

तिला एकच मुलगी, शरणम्मा. आम्ही तिला शरणी म्हणायचो. शरणीला जन्मापासून उजवा पंजा नव्हता. हात मनगटाशीच संपला होता. पण तिला बिचारी म्हणावं असं तिच्यात काही नव्हतं. डाव्या हाताने ती सागरगोटे अशी झेलायची की आमचे दोन-दोन हात असून आम्ही हरायचो. पोलक्याची बटणं एका हाताने लावायची, वेणीचा शेवट दातात धरून रिबिन बांधायची.

एक गोष्ट मात्र तिला जमत नव्हती. नाडीची गाठ. नाडीचं एक टोक दातात धरावं तर कमरेपर्यंत तोंड पोचत नाही. मनगटाखाली दाबून धरावं तर सुटतं. लहान होती तोवर झगा घालायची, तेव्हा चड्डीची गाठ आई नाहीतर आज्जी मारून द्यायची आणि ते कुणाला खटकत नव्हतं. पण पोरगी वाढली, आता परकर घातला पाहिजे, असं तिची आज्जी जगदेवी म्हणाली आणि परकर आला. त्याबरोबर दिवसातून कितीतरी वेळा "अव्वा, गाठ मार" हेही आलं.

त्याच वर्षी मुलींच्या शाळेतल्या तानाबाई मास्तरीण बोळात घरोघर फिरल्या. पोरींना शाळेत घाला, म्हणून सगळ्यांना सांगितलं. माझं नाव घातलं, शरणीचंही घातलं. डाव्या हाताने पाटीवर लिहायला ती सगळ्यांच्या आधी शिकली. पण थोडेच दिवस गेले असतील. मधल्या सुट्टीत तिने वर्गातल्या बाळी नावाच्या मुलीकडून परकराची आणि आतल्या चड्डीची गाठ मारून घेतली. बाळीने जीव लावून गाठ मारली ती इतकी घट्ट की पुढे लघवीला जायची वेळ आली तेव्हा ती कुणालाच सुटेना. शरणी भर दुपारी ओला परकर मुठीत धरून एकटी घरी आली. रडली नाही. पाटी कोनाड्यात ठेवली आणि म्हणाली, "अव्वा, मी उद्यापासनं जानार न्हाय."

"का गं?"

"तू काय शाळेत येऊन बसनार हायस का गाठ मारायला?"

नीलम्माने तिचा ओला परकर काढून बादलीत टाकला. जगदेवी चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "बरं झालं. घरात बसू दे. आपल्या मानसांत हाय तोवर कोन हसनार न्हाय."

नीलम्मा सासूला कधी उलटून बोलायची नाही. पण दुसऱ्या दिवशी शरणीचा परकर घेऊन बसली आणि नाडी ओढून काढून बाजूला टाकली.

आधी तिने कमरेला बटण लावून पाहिलं. जेवल्यावर बटण ताणून तुटायचं आणि पोट रिकामं असलं की परकर खाली घसरायचा. मग आकडा लावला, तो पळताना निसटायचा. परकर काही हलकं कापड नव्हे. घोळ भरपूर, त्यात काठ. त्याला धरून ठेवणारं काहीतरी हवं होतं, आणि पोरीच्या पोटाबरोबर कमीजास्त होणारंही हवं होतं.

ते तिला दुकानात सापडलं. सोमलिंगला भाकरी द्यायला ती गेली होती. तो फाटक्या ट्यूबची गोल कडी कापून त्या कडीने एका सायकलला पंप बांधत होता. कडी ताणली, अडकवली, सोडली. ती आपणहून आवळून बसली.

नीलम्माने भाकरीचं गाठोडं खाली ठेवलं. "मला एक लांब पट्टी कापून द्या की."

"कशाला?"

"द्या की."

रबराची पट्टी तिने परकराच्या कमरेवर ठेवून थेट मशीन फिरवलं. सुईच्या भोकांनी रबर जागोजागी चिरलं आणि ओढताच तुटलं. मग तिने रबराला टाका न घालता, नाडी ओवतात तशी पट्टी नेफ्यातून ओवली आणि फक्त दोन टोकं एकमेकांवर ठेवून शिवली. परकर शरणीच्या पायांतून वर ओढला. बसला. शरणीने स्वतःच्या हाताने तो खाली केला, पुन्हा वर घेतला, पुन्हा खाली केला. मी कट्ट्यावर बसून बघत होते. कुणी घराची किल्ली हातात दिल्यासारखं तिचं तोंड झालं होतं.

पण ते सुख संध्याकाळपर्यंतच टिकलं. सोलापूरचा उन्हाळा, त्यात ट्यूबचं रबर. ते तापलं, चिकट झालं, त्याचा काळा डाग कापडातून बाहेर आला आणि शरणीच्या कमरेभोवती लाल वळ उठले. ती खाजवत म्हणाली, "अव्वा, चावतंय. पर राहू दे. मी घालते."

"न्हाय," नीलम्मा म्हणाली. "चावनारा परकर माझी पोरगी घालनार न्हाय."

जगदेवीने वळांना खोबरेल लावलं आणि सुनेकडे न बघता बोलली, "नाडी न्हाय तर परकर कुनाच्या जिवावर उभा राहनार? आज चावला. उद्या चार लोकांत खाली येईल. मग तोंड कुटं लपवशील?"

हे बोलणं बोळभर झालं. नीलम्मा पोरीच्या कमरेला सायकल बांधते, म्हणून बायका नळावर हसायच्या. माझी आईही हसली होती.

पुढचा रस्ता सोमलिंगने काढला. मिलमधला एक साहेब सायकल घेऊन दुकानात आला होता. त्याने विजार वर केली तेव्हा मोजा वर धरून ठेवणारी फीत सोमलिंगला दिसली. घरी येऊन तो म्हणाला, "ट्यूब म्हंजे नुसतं रबर. त्या फितीत रबर आत हाय आनि वरनं सूत विनलंय. अंगाला सूतच लागतं बघ."

दुसऱ्या दिवशी नीलम्मा मधल्या मारुतीजवळच्या बोहऱ्याच्या दुकानात जाऊन उभी राहिली. तिला त्या वस्तूचं नाव ठाऊक नव्हतं. तिने दोन्ही हातांनी हवेत काहीतरी ताणून दाखवलं आणि सोडलं. दुकानदाराने खोकी उघडून पुठ्ठ्यावर गुंडाळलेली पांढरी रबरी फीत पुढे केली. नीलम्माने ती तिथेच ताणून ताणून बघितली, गालाला घासून बघितली, आणि घेतली.

फीत मिळाली तरी ती बसवायची कशी हे शिकायचंच होतं. पहिल्यांदा कमी कापली, तर भाकरी खाल्ल्यावर शरणीच्या पोटावर खूण उमटली. मग जास्त ठेवली, तर उडी मारली की परकर उतरायला लागला. शेवटी तिने माप ठरवलं: फीत कमरेभोवती जराशी ताणून धरायची आणि आईचं एक आणि लेकीचं एक, अशी दोन बोटं आत सहज गेली पाहिजेत. नेफ्याच्या मागच्या बाजूला बोटभर जागा ती न शिवता ठेवायची, म्हणजे फीत सैल पडली की तीच काढून दुसरी घालता येईल. चड्डीलाही तशीच फीत घातली. खाली परकराला आतून एक दुमड ठेवली, पोरगी उंच झाली की उसवून सोडायला.

शरणी पुन्हा शाळेत जायला लागली. तानाबाईंनी तिला जवळ बोलावून परकराची कंबर बघितली, फीत ताणली, सोडली आणि एवढंच म्हणाल्या, "आईला सांग, मला बघायला यायचंय."

तरी बोळाचा भरवसा नव्हता. हा परकर कधीतरी खाली येणार, असं सगळ्या धरून चालल्या होत्या. आणि श्रावणात पंचमी आली.

पंचमीला आमच्या बोळाच्या तोंडाशी लिंबाच्या झाडाखाली सगळ्या बाया-पोरी जमायच्या. झोके, झिम्मा, फेर झाले आणि मग बसफुगडी सुरू झाली. उकिडवं बसायचं आणि बसल्या बसल्या एकेक पाय पुढे टाकत उड्या मारायच्या. जी शेवटपर्यंत टिकेल ती जिंकली. या खेळात जोडीदाराचा हात धरावा लागत नाही. तरी शरणी कधी खेळली नव्हती, कारण नाडी सुटेल या भीतीने तिचा डावा हात कमरेलाच असायचा.

त्या दिवशी ती पुढे आली आणि माझ्या शेजारी बसली. जगदेवी पारावर बसली होती, ती उठून उभी राहिली. "शरणे, ऊठ तितनं," ती म्हणाली.

नीलम्मा गर्दीच्या मागे होती. तिने सासूच्या दंडावर हात ठेवला. "अत्ती, खेळू दे," ती म्हणाली. लग्न झाल्यापासून सासूला अडवण्याची तिची ती पहिलीच वेळ असावी.

टाळ्या सुरू झाल्या आणि आम्ही उड्या मारायला लागलो. मोजक्याच उड्यांत एक पोरगी कंबर धरून उठली, तिची नाडी सैल झाली होती. मग बाळी उठली. माझी गाठ सुटली नाही, पण आवळत गेली आणि श्वास पुरेना, म्हणून मीही बाजूला झाले. ज्या उरल्या त्या एका हाताने परकर सावरत उडत होत्या, आणि तसं उडताना तोल जातोच. शरणीचे दोन्ही हात मोकळे होते. एक पंज्याचा, एक बिनपंज्याचा, दोन्ही पाखरासारखे बाजूला पसरलेले. परकराचा घोळ फुगत होता, खाली बसत होता, पुन्हा फुगत होता. सगळ्यांचे डोळे तिच्या कमरेवर होते आणि कंबर जागच्या जागी होती.

शेवटी ती आणि कुंभार वेशीकडची एक दांडगी मुलगी एवढ्या दोघीच उरल्या. त्या मुलीने परकर सावरायला हात खाली नेला आणि ती मागे कलंडली. शरणी थांबली नाही. जिंकल्याचं तिला कळलंच नव्हतं की काय कोण जाणे, ती उडतच राहिली. टाळ्या थांबल्या होत्या, फक्त एकीच्या चालू होत्या. मी वळून बघितलं. जगदेवी आज्जी उभी होती आणि नातीच्या उड्यांबरोबर ठेका धरून टाळ्या वाजवत होती. मग सगळ्यांनीच ठेका धरला.

शरणी उठली, धापा टाकत परकर झटकला आणि आईकडे बघून म्हणाली, "पडला न्हाय, अव्वा."

नीलम्मा हसली. तिला हसताना दात दाखवायची सवय नव्हती, पण त्या दिवशी तिचे सगळे दात दिसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या पोरींच्या आया तिच्या कट्ट्यापाशी आल्या. माझी आई पुढे होती. "नीलम्मा, आमच्या पोरीलाबी तसला परकर शिवून दे की," ती म्हणाली.

नीलम्माने मशीनचं चाक थांबवलं. एवढे परकर तिने शिवले असते तर बोळातलं सगळं काम तिच्याकडेच राहिलं असतं. पण ती म्हणाली, "कापड आनि सुई घेऊन या. बसा हितं. हे एका दुपारचं काम हाय. मशीन नसलं तरी हातानं व्हतंय."

आणि तिने शिकवलं. कमरेच्या घेराच्या दुप्पट कापड घ्या. बाजू जोडा. वरची कड फितीपेक्षा जरा रुंद दुमडा आणि शिवा, मागे बोटभर सोडा. फितीच्या टोकाला पिन लावून ती आतून सरकवा. दुसरं टोक आत निसटू देऊ नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. माझ्या आईचं टोक निसटलं. नीलम्मा हसली नाही, तिने पिन काढून आईच्या हातात दिली. "पुन्ना," एवढंच म्हणाली. उन्हं उतरेपर्यंत कट्ट्यावरच्या प्रत्येकीच्या मांडीवर एकेक परकर होता. त्या घरी गेल्या आणि दुसऱ्या बोळातल्या बहिणींना, नणंदांना शिकवू लागल्या. नीलम्माच्या कट्ट्यावरचं काम त्याने कमी झालं नाही. ज्यांना शिवायला वेळ नव्हता त्या तिच्याकडेच येत राहिल्या.

तानाबाई मास्तरीण दिवाळीनंतर आल्या. कट्ट्यावर बसून त्यांनी स्वतः एक परकर शिवला. वाकडा झाला. तो हातात धरून त्या म्हणाल्या, "आमच्या शाळेत शिवणाचा तास घ्याल का? मुख्याध्यापिकाबाईंशी बोलून आलेय मी."

"मला लिवता-वाचता येत न्हाय, बाई. मराठीबी मोडकी."

"लिहायचं मी बघते. शिवायचं तुम्ही बघा."

नीलम्माने आत, सासूच्या दिशेने पाहिलं. जगदेवी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण आवाज बाहेरपर्यंत आला. "जा की. भाकरी मी बघते. मशीन तेवढं जपून ने."

पहिल्या तासाच्या दिवशी सोमलिंगने मशीन सायकलच्या कॅरिअरवर बांधलं. तो सायकल हाताने ढकलत पुढे, मागून नवं इरकल नेसलेली नीलम्मा आणि तिच्याशेजारी दप्तर खांद्याला लावलेली शरणी. बोळातल्या बायका दारात येऊन उभ्या होत्या. आम्ही पोरी नीलम्माच्या मागे चाललो, बहुतेकींच्या कमरेला नाडी नव्हती.

वर्गात आल्यावर नीलम्मा फळ्यासमोर उभी राहिली. फळा तिला नको होता. तिने सतरंजी ओढली, मशीन मधोमध ठेवलं आणि आमच्यात खाली बसली. "जवळ या," ती म्हणाली. "कापड काढा. आदी कंबर मोजायची."

शरणी उठून मधोमध उभी राहिली. तिने दोन्ही हात बाजूला पसरले आणि माप घ्यायला आईला कंबर मोकळी करून दिली.