नाल्याकाठचा कुर्डू

आमच्या घरात मिठाची बरणी जागची हलली तरी मला सांगतात. पोरगी कुठे पुरली, ते मात्र सांगितलं नाही.

ती उन्हाळ्यात जन्मली आणि आठवडाभरात गेली. एवढं लहान लेकरू जाळत नाहीत, शेतात मातीआड करतात. आईने ती जागा बघायची नाही. बघितली तर पुढच्या खेपेलाही तसंच होतं, असं आमच्याकडे मानतात. जागेची खूण म्हणून दगडही ठेवत नाहीत. जानेफळच्या घरी सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, “काऊन इचारतं माय? इसरून जाय आता.” नवऱ्याला विचारलं, तो ताटावरून उठून गेला. त्याला सासूबाईंनी न सांगायची शपथ घातली होती. दोघांचाही मला भयंकर राग यायचा.

सुट्टी संपल्यावर मेहकरच्या कॉलेजात पुन्हा शिकवायला लागले. अकरावीला बियांचा धडा होता. पाणी, हवा, ऊब सगळं मिळूनही कुर्डूसारख्या काही रानफुलांच्या बिया उगवत नाहीत, त्यांना उजेड लागतो. खोल मातीत त्या वर्षानुवर्षं सुप्त राहतात, पण मरत नाहीत. कुणी जमीन खणली, खालची माती वर आली, की जराशा उजेडानेही जाग्या होतात. दरवर्षी हे मी घडाघडा सांगते. त्या वर्षी ‘मरत नाहीत’ एवढं म्हटलं आणि तास अर्ध्यावरच सोडला.

भाद्रपदात महालक्ष्म्या झाल्यावर नवरा म्हणाला, “चाल, सोयाबीन पाहून येऊ.” शेताच्या कडेला नाल्याकाठी एक पट्टी आहे. सासूबाई नव्याने नांदायला आल्या तेव्हा ती वहितीत होती. पुढे बैलांसाठी तिथे गवत राखलं आणि नांगर कधी गेलाच नाही. कमरेएवढं गवत माजलं होतं. फक्त एका जागी गवत नव्हतं, तिथे कुर्डू दाटून उगवला होता, पांढऱ्या-गुलाबी तुऱ्यांचा. बाकी पट्टीत त्याचं एक रोप नव्हतं. तो तुकडा पाळण्याएवढा होता.

म्हणजे खणलं होतं ते इथेच.

“हीच ना जागा?” मी विचारलं.

त्याने पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

मी माझ्या पोरीजवळ जाऊन बसले.