लुगेंदोची घासणी

लुगेंदो वाईट सुतार नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं वाचून वाटायचं, की या माणसाला काही येतच नव्हतं. कोरोग्वेच्या बाजूला, नदीकाठच्या घायपाताच्या मळ्यावर त्यानं चोवीस वर्षं सुतारकाम केलं. वाख दाबायच्या पेट्या, गाड्यांच्या फळ्या, मुकादमाच्या मुलीच्या लग्नाचा पलंग, मयताच्या पेट्या, सगळं त्याच्या हातून निघे आणि वाकडं कधी निघत नसे. बाप न्यामवेझी जमातीचा, दूर ताबोऱ्याकडून मजुरीच्या करारावर आलेला. पानं कापता कापता तो इथेच संपला. पोराच्या हातात रंधा दिला तो मळ्यावरच्या एका म्हाताऱ्या गोव्याच्या मिस्तरीनं.

मग नायलॉन आलं. जगभरची जहाजं नायलॉनच्या दोरांनी बांधली जाऊ लागली आणि इकडे मळ्यात पानं उभ्या उभ्या वाळू लागली. कापणीच्या चार टोळ्यांच्या दोन झाल्या. वाख काढायचं यंत्र आठवड्यातले तीनच दिवस घरघरू लागलं. एका सकाळी साहेबानं लुगेंदोला बोलावून सांगितलं, की वर्षअखेरीला सुतारशाळेला कुलूप. त्यानं मान डोलावली, घरी येऊन मक्याच्या पिठाची उगाली खाल्ली आणि दारात बसून राहिला. चोवीस वर्षं सगळे त्याला ‘फुंदी’, म्हणजे कारागीर, म्हणून हाक मारत होते, बायकोसुद्धा. सुतारशाळा गेल्यावर ही हाक कोण मारणार, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

घासणी त्याला सुचली ती गावातल्या मुलींच्या वसतिशाळेत. तिथे दोनशे मुलींची उगाली एकाच पातेल्यात शिजते. तळाला जी खरवड धरते तिला वाळू, राख, नखं, काही दाद देत नाही. तिला लागतो घायपाताच्या वाखाचा ताठ कुंचा. तो तीन आठवड्यांत झिजतो आणि मग दांड्यासकट चुलीत जातो. शाळेचं दार दुरुस्त करायला गेलेल्या लुगेंदोनं चुलीत म्वुलेच्या लाकडाचा दांडा जळताना पाहिला. सागाच्या तोडीचं लाकूड ते. झिजतो वाख आणि जाळतात लाकूड, हा कुठला न्याय?

महिनाभर खपून त्यानं घासणी बनवली. दांड्याच्या डोक्याला खाच, खाचेत दुमडून बसवलेला वाखाचा झुबका आणि त्यावर आडवी ठोकलेली लाकडी पाचर. झुबका झिजला की पाचर ठोकून काढायची, नवा झुबका बसवायचा, पाचर पुन्हा मारायची. दांडा जन्मभराचा. वाख तर मळ्यावर पायाखाली येतो. यंत्रातून गळलेला आखूड वाख कोणी उचलून नेला तर उपकारच. खिळा नाही, तार नाही. त्या दिवसांत दुकानात साबण नव्हता, काडेपेटी नव्हती, मग खिळा कुठून असणार? जिल्ह्याच्या लघुउद्योगवाल्यांनी ऐकलं आणि कळवलं, की शाळेच्या स्वयंपाकघरात आठवडाभर वापरून पाहू. पसंत पडली तर जिल्ह्यातल्या सगळ्या वसतिशाळांना हीच घासणी, आणि लुगेंदोला बाजाराजवळ एक शेड. म्हणजे फुंदी तो फुंदीच राहणार होता.

शाळेच्या स्वयंपाकघराची मुख्य होती सेमेनी. जातीनं झिगुआ, विधवा, लुगेंदोपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी आणि जिभेनं सुरीहून धारदार. झिगुआ आणि न्यामवेझी यांच्यात थट्टेचं नातं आहे. मेव्हण्या-मेव्हणीत असतं तसलंच, पण इथे दोन अख्ख्या जमातींत, आणि आजचं नाही, आजे-पणज्यांपासूनचं. या नात्यात शिवी लागत नाही, चोरी चोरी ठरत नाही, आणि रागावेल तो हरला. सेमेनी लुगेंदोला ‘ओझेवाल्या’ म्हणायची, कारण त्याचे पूर्वज डोक्यावर हस्तिदंत वाहून समुद्रापर्यंत आणायचे. तो म्हणायचा, “तुझ्या आजीला माझ्या आजोबानं दोन वाट्या मिठाला घेतली होती. जास्त बोललीस तर परत करीन आणि मीठ मागून घेईन.” गावाचा दिवस त्यांच्यावर चांगला जायचा.

आता एक मागची गोष्ट सांगणं भाग आहे. आदल्या वर्षी सेमेनीनं तोंड गंभीर करून त्याला सांगितलं होतं, “खरं सांगते, फुंदी, दुपारच्या गाडीनं टांगा शहराहून मोठा साहेब येतोय. तुलाच विचारत होता.” लुगेंदो लग्नातला कोट चढवून, टोपी घालून स्टेशनावर उभा राहिला. गाडीतून उतरले दोन बोकड आणि एक पाद्री. बोकडांनाही त्यानं वाकून नमस्कार केला, असं सेमेनीनं पुढे कितीतरी महिने बाजारभर सांगितलं. तेव्हापासून ‘खरं सांगते’ हे तिचे शब्द कानावर पडले की तो आधी हसायचा.

पहिली घासणी त्यानं तिलाच दिली. साहेबलोक यायच्या आधी चार दिवस वापरून बघ म्हणाला. चौथ्या दिवशी ती भर दुपारी सुतारशाळेत आली. तिथे पाच-सहा माणसं टेकलेली होती.

“ओझेवाल्या, ही तुझ्यावरच गेलीय,” ती म्हणाली. “कोरडी असते तोवर काय ती ऐट. पाणी लागलं की फुगून बसते.”

माणसं हसली. लुगेंदो म्हणाला, झिगुआच्या हाती दिलं की लाकूडसुद्धा रुसतं.

“थट्टा नाही करत. खरं सांगते. पाचर पाण्यानं फुगली की ओल्या हातानं हलत नाही. आणि रविवारी मोठं पातेलं चढत नाही, तेव्हा सुकून गळून पडते. झुबका तुटतो तो घासता घासता, पाण्यातच. त्या वेळी बाईनं काय करायचं, तुझ्याकडे धावत यायचं?” मग तिनं भिंतीकडे बोट केलं. “त्या तुझ्या करवतीला विचार. तिला तुझ्यापेक्षा अक्कल आहे.”

लुगेंदोनं खुंटीवरचा मळका अंगरखा उचलला, कोटासारखा अंगावर चढवला, टोपी सारखी केल्याचं सोंग केलं आणि विचारलं, “आणि साहेब कितीच्या गाडीनं येतोय, बाई?”

एक जण हसता हसता भुशात पडला. सेमेनीही हसली. या नात्यात न हसणं म्हणजे नातं मोडणं, ती तरी काय करणार? घासणी हातातच घेऊन ती गेली. लुगेंदोनं करवतीकडे वळूनही पाहिलं नाही. आपल्या परीनं त्यानं घासणी तपासली होती. सुतारशाळेत, कोरड्या हातानं, तीसेक वेळा पाचर काढून घातली होती. लोण्यात सुरी जावी तशी जात होती. पाण्यात एकदाही नाही. भांडी तो घासत नव्हता ना. पुरुषानं घासण्या बनवायच्या आणि बाईनं त्या वापरायच्या. वापरणारीनं काही सांगितलं की थट्टा. ही खोड एकट्या न्यामवेझींची नाही, पण ते राहू द्या.

सहा घासण्या शाळेत गेल्या. तिसऱ्या दिवशी एकीचा झुबका तुटला. पाचर निघेना म्हणून एका पोरीनं मुसळाचा घाव घातला आणि म्वुलेचा दांडा उभा चिरला. दुसऱ्या दिवशी आणखी दोन अडकल्या. सोमवारी सकाळी जिल्ह्याचे दोन साहेब बघायला आले. रविवारभर सुकलेल्या घासणीनं पातेलं घासून त्यात पेज शिजवली होती. मोठ्या साहेबानं दुसऱ्या घोटाला तोंडातून बोटभर लांब वाख ओढून काढला. माणूस सभ्य होता. वहीत दोन ओळी लिहिल्या, लुगेंदोचा हात हातात घेतला आणि गाडीत बसला. पुढच्या महिन्यात शाळांना दार-एस-सलामच्या कारखान्यातले प्लॅस्टिकचे ब्रश आले.

सेमेनी चुलीपाशी उभी होती. वर्षातली सगळ्यात मोठी थट्टा तिच्या हक्काची होती. सगळं स्वयंपाकघर तिच्या तोंडाकडे बघत होतं. ती मान वळवून जाळ सारत राहिली.

लुगेंदोला झोंबली ती ही गप्प मान. साहेबाची वही विसरता आली असती. ती बोलली असती तर तो उलट बोलला असता, चार लोक हसले असते आणि पुढे कधीतरी तो दुसरी घासणी करायला बसला असता. तिनं दया केली, असं त्याला वाटलं, आणि थट्टेच्या नात्यात दयेसारखा अपमान नाही. आठवड्यानं ती रस्त्यात भेटली. तिनं तोंड उघडायच्या आत त्यानं मान लववली आणि म्हणाला, “शिकामू, बी सेमेनी.” वडीलधाऱ्या परक्या बाईला करतात तो नमस्कार. सेमेनी जागीच थबकली. रीतीप्रमाणे उत्तर दिलं आणि चालू लागली. बावीस वर्षांत त्यानं तिला पहिल्यांदा आदराचं ‘बी’ म्हटलं होतं.

त्यानंतर ती एकदाच त्याच्या घरी आली. अंगावरच्या कापडाच्या, कांग्याच्या, पदरात काहीतरी गुंडाळून काखेत धरलेलं. लुगेंदो उठून उभा राहिला, तिला बसायला स्टूल दिलं, तब्येत विचारली, मुलीची विचारली, पिकापाण्याची विचारली. इतका मान दिला, की काखेतलं बाहेर काढायला तिला जागाच उरली नाही. चहा पिऊन ती उठली. ती गेल्यावर बायको म्हणाली, “ती काहीतरी दाखवायला आली होती.” लुगेंदो म्हणाला, “दाखवायचं असतं तर दाखवलं असतं.” स्वतःला हे उत्तर पटलं नाही, हे त्याला तेव्हाही कळत होतं. तिला हाक मारायला मात्र तो दारापर्यंतही गेला नाही.

सुतारशाळेला कुलूप लागलं. लुगेंदो बाजारात झाडाखाली स्टुलं विकू लागला. पोटापुरतं मिळे. ‘फुंदी’ म्हणणारे कमी होत गेले. दोन वर्षांनी, थंडीच्या दिवसांत, छाती भरून सेमेनी चार दिवसांत गेली.

झिगुआच्या घरचं मयत थट्टेच्या नातलगावाचून उठत नाही. त्यानं यायचं, मेलेल्याच्या नकला करायच्या, जनाज्याच्या वाटेत आडवं पडायचं आणि नाणं हातात पडल्यावर उठायचं. रडणाऱ्यांना हसवायचं, हे त्याचं काम. म्हाताऱ्यांनी विचारलं, न्यामवेझी कुठंय? लुगेंदो कुंपणाबाहेर उभा होता. त्याला आत ओढून आणलं.

सेमेनीची मुलगी झैना घरातून आली, डोळे सुजलेले. तिनं त्याच्या हातात एक घासणी ठेवली. “आई म्हणाली होती, ओझेवाला आला की ही त्याच्या टाळक्यात घाल.” एवढं बोलून ती हसली आणि पुन्हा रडायला लागली.

दांडा त्यानंच रंधा मारलेला, तिला दिलेला पहिला. खाचेत पाचर नव्हती. डोकं मधोमध चिरून दोन जबडे केले होते आणि जबड्यांत झुबका धरला होता. जबड्यांभोवती वाखाच्या दोरीचा फास आणि फासात एक छोटी काडी. काडी फिरवायची, दोरीला पीळ बसतो, जबडे आवळतात. मग काडी दांड्याला टेकवून अडकवायची. वाखाची दोरी भिजली की आणखी आवळते. काढायचं असेल तेव्हा काडी उलटी फिरवायची, ओल्या हातानंसुद्धा. दांडा तिच्या मुठीनं झिजून गुळगुळीत झाला होता. झुबका नवा होता. किती तरी बदलून झाले असतील.

लुगेंदोच्या चौकटीच्या करवतीचं पातं चोवीस वर्षं असंच ताणलेलं असायचं. दोरीचा पीळ आणि पिळात अडकवलेली काडी. रोज सकाळी तो स्वतःच्या हातानं ती काडी फिरवायचा. कांग्याच्या पदरात काय होतं, हे आता कोणी सांगायला नको होतं.

लोक वाट बघत होते. लुगेंदो जनाज्यापुढे धुळीत आडवा झाला, घासणी छातीवर धरून.

“या बाईला नेऊ देणार नाही मी,” तो म्हणाला. “फसवी आहे ही. कसली थट्टेची नातलग! खरं सांगते म्हणायची, आणि खरंच सांगायची.”

अंगणभर हशा उसळला. म्हातारे डोळे पुसत हसले, झैनासुद्धा. कितीतरी वर्षांत इतकं चांगलं कोणी बोललं नाही, म्हणाले. कोणीतरी त्याच्या तळहातावर नाणं ठेवलं. तो उठून बाजूला झाला आणि सेमेनीला घेऊन गेले.

तेव्हापासून लुगेंदो स्टुलांच्या शेजारी तसल्या घासण्या मांडून बसतो. बायकांना आवडतात. प्लॅस्टिकचे ब्रश खरवडीपुढे वाकून गेले. आता शाळाही त्याच्याकडूनच नेते, शेड नसली तरी. बाजारात तिला ‘लुगेंदोची घासणी’ म्हणतात आणि त्याला पुन्हा फुंदी. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो सांगतो, “माझी नाही ही. सेमेनीची आहे. खरं सांगतो.” गिऱ्हाइकं हसतात. न्यामवेझी मेलेल्या झिगुआलाही सोडत नाही, म्हणतात. मध्यंतरी त्यानं पटाशी घेऊन दांड्यांवर तिचं नाव कोरायला सुरुवात केली. लोकांना ते तर फारच आवडलं. एक म्हातारी दांडा उलटसुलट करून बघत म्हणाली, “वा रे फुंदी. कबरीतही बिचारीला भांडी घासायला लावलीस.”

लुगेंदोही हसला. न हसून कसं चालेल? मग त्यानं पुढचा दांडा घेतला आणि त्यावरही नाव कोरलं.