तीन चेहऱ्यांची पेटी

आमच्या तहसील कचेरीत खिडकीशेजारी एक नवी पेटी बसवली आहे. परदेशी मदतीतून सरकारी कारभार सुधारण्याचा एक प्रकल्प आला, त्यातली ही पेटी. तिच्यावर तीन बटणं आहेत: हसरा चेहरा, मख्ख चेहरा, रडका चेहरा. काम कसं झालं, ते जाताना दाबून सांगायचं.

त्याच प्रकल्पातल्या यंत्रापुढे मी काल सातबारा निघायची वाट बघत उभा होतो. खिडकीशी एक मावशी निराधार पेन्शनची चौकशी करत होत्या. आतली मुलगी म्हणाली, "साहेब दौऱ्यावर गेलेत, मावशी. सोमवारी या. उन्हाचं येऊ नका, सकाळीच या."

मावशी वळल्या आणि त्यांनी हसरा चेहरा दाबला.

मला राहवेना. "अहो, काम तर झालं नाही तुमचं."

"नाही झालं," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण बोलली किती नीट. आधीचा मान वर करत नव्हता."

आता दूरच्या कुठल्या शहरात कुणीतरी हे हसरे चेहरे मोजत असेल. त्याला वाटेल, इथली कामं भराभर व्हायला लागली. त्याची समजूत चुकीची म्हणावी, तर तेही धड म्हणवत नाही. काहीतरी सुधारलंय खरं. पण त्याला मोजायचं होतं तेच का?

एवढ्यात यंत्राने माझा सातबारा बाहेर सरकवला. नाव बरोबर, गट नंबर बरोबर, वेळही लागला नाही. मी पेटीपुढे गेलो, आणि बोट आपसूक मधल्या बटणावर पडलं.