डिंकाने चिकटवलेले गठ्ठे

तांबोळीबाई गेल्याची बातमी मला शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. वर 'सर्वांनी लिंक आजच भरावी' असा शिक्षणाधिकारी साहेबांचा आदेश, मधे बाईंचा फोटो आणि 'हृदयविकाराने निधन', आणि त्याखाली पुन्हा साहेबच : 'अत्यंत दुःखद. उद्याचे गणित प्रशिक्षण ठरल्याप्रमाणे होईल.' दोन्ही निरोपांना भराभर अंगठे आले. काहींनी बाईंच्या फोटोलाही अंगठा दिला... सवय, दुसरं काय! उद्याचं प्रशिक्षण घेणार कोण होतं, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. ते बाईच घेणार होत्या.

गणिताचा नवा अभ्यासक्रम आला, तेव्हा शाळाशाळांत जाऊन तो शिक्षकांना समजावून द्यायला आमच्यातल्याच काहींना 'तज्ज्ञ मार्गदर्शक' केलं गेलं. शाहीन तांबोळी त्यांतल्या एक, आणि त्यांच्या जोडीला मी. बाकीचे तज्ज्ञ पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवत, जणू समोर बसलेल्यांना अक्षरओळख नाही. मग गटकार्य, म्हणजे तक्त्याभोवती उभं राहून फोटो. मग नाश्ता, आणि नवा अभ्यासक्रम अमलात आला असं जाहीर. बाईंकडे पडदा नव्हता. एक कापडी पिशवी होती, तिच्यात आइस्क्रीमच्या काड्या, आणि हातात बांगड्यांच्या वर चढवलेले रबरबँड. दहा काड्या झाल्या की एक रबर मनगटावरून उतरायचा आणि दशकाचा गठ्ठा तयार. बाईंचा जन्म पुण्याच्या कसबा पेठेतला, सासरही कसब्यातच, त्यामुळे जिभेची धार वेगळी कमवावी लागली नव्हती. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "जगतापबाई, आपण समोसा खायला आलात की शिकवायला? दोन्ही असेल तर आधी शिकवू. समोसा गार झालेला चालतो." मला रागच आला होता. पुढे त्या बोलण्याची चटक लागली.

येरवड्याच्या एका शाळेत सरकारकडून आलेली गणिताच्या साहित्याची पेटी मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद होती. वरची प्लॅस्टिकची पट्टीसुद्धा काढलेली नव्हती. "उघडली तर वस्तू हरवतात हो मॅडम," मुख्याध्यापक म्हणाले. "तपासणीला काय दाखवू मी?" बाई शांतपणे म्हणाल्या, "मुलांना गणित येतं, ते दाखवा ना. का तेही हरवलंय?" किल्ली मिळाली नाही. मिळणारच नव्हती. ज्यांना मुलांपेक्षा पेटी प्यारी, त्यांच्याकडून दुसरी काय अपेक्षा करायची! बाईंनी आपली पिशवी काढली आणि आम्ही तिसरीच्या वर्गात गेलो. फळ्यावर बेचाळीस वजा सतरा. एका मुलीने उत्तर काढलं पस्तीस. वर्गशिक्षक मागून फिस्सकन हसले. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते खिडकीची कडी नीट लावायला गेले. मग बाईंनी मुलीजवळ बसून विचारलं, "कसं केलंस गं?"

"दोनातून सात जात नाहीत ना बाई, म्हणून सातातून दोन काढले."

"बरं. आता या बेचाळीस काड्यांतल्या सतरा मला दे."

मुलीने एक गठ्ठा दिला, दोन सुट्या काड्या दिल्या आणि थांबली. बराच वेळ थांबली. मी सांगायला तोंड उघडलं, तर बाईंनी टेबलाखालून माझा हात दाबला. शेवटी त्या मुलीने एक गठ्ठा उचलला आणि अगदी भीतभीत विचारलं, "हा सोडला तर चालेल?" बाईंचा चेहरा असा उजळला... तसा मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही. परत येताना रिक्षात म्हणाल्या, "गठ्ठा सोडायचा धीर आला, की वजाबाकी आलीच. आपल्या खात्यातल्या लोकांना तेवढा धीर नाही हो."

शोकसभेत तोच प्रत्यय आला. बाईंच्या हयातीत त्यांना 'जरा फटकळ' म्हणून दोनदा मार्गदर्शकपदावरून काढायला निघालेले साहेब पाऊण तास गहिवरले. मग घोषणा झाली : प्रशिक्षण केंद्रात बाईंच्या नावाने गणित दालन. ते मी पाहून आले. काचेचं कपाट, त्याला कुलूप, आत काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे. एकही काडी हलत नाही. विचारलं, तर साहेब अभिमानाने म्हणाले, "डिंकाने पक्के चिकटवलेत. सुटायची भीतीच नाही!" आयुष्यभर गठ्ठे सोडायला शिकवलेल्या बाईचं स्मारक हे. मला रडू आलं नाही, संताप आला. आणि साहेबांना आता बाईंची खरी पिशवीही हवी होती, मधल्या खणात ठेवायला.

मी तशीच कसब्यात बाईंच्या घरी गेले. पिशवी दारामागच्या खुंटीला होती. बाईंचे यजमान इक्बालभाई म्हणाले, "ताई, साहेबांचा फोन आला होता. शाहीनचं मोठं नाव करतायत. नाही कसं म्हणू?" मला त्यांच्या जागी बोलायचा अधिकार नव्हता. मग त्यांनीच विचारलं, "तिथे मुलं हात लावतील ना याला?"

"नाही. कुलूप आहे."

त्यांनी पिशवी खुंटीवरून उतरवून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "साहेबांना मी सांगतो, मिळत नाही म्हणून."

आता ती पिशवी माझ्या तिसरीच्या वर्गात खालच्या फळीवर असते. काड्या मोडतात, रबर तुटतात, काही मुलांच्या दप्तरातून घरी जातात. साहेब आले तर किती शिल्लक आहेत हे मला सांगता यायचं नाही. काल वजाबाकी चालू होती. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, गठ्ठा सोडू?"

"सोड," मी म्हणाले, आणि रबर मनगटावर घ्यायला हात पुढे केला.