माझी बटणं माझीच राहतील

स्टुडिओत तिला सगळे डावखुरी म्हणत, पण जन्माने ती उजव्या हाताचीच होती. सहा वर्षांपूर्वी सामान उतरवताना गाडीचं जड दार उजव्या हातावर आपटलं आणि बोटं कायमची निकामी झाली. आता ध्वनिसंकलनाच्या कामावर हिला पाणी सोडावं लागणार, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं. तिने मात्र हाय खाल्ली नाही.

तिची थोरली बहीण टायपिंग शिकवायची. दोघी जेवणाच्या टेबलावर कीबोर्ड मांडून बसल्या. तुकडा कापणं, जोडणं, आवाज उतरवणं, सॉफ्टवेअरमधली जी कामं उजवीकडच्या बटणांवर होती, ती एकेक उचलून डाव्या बोटांखाली आणायची. नाही जमलं की जागा बदलायची. चौदा महिन्यांनी एकशे ऐंशी शॉर्टकट तिच्या एका हातात बसले.

पुढे एकदा सॉफ्टवेअर अडकायला लागलं, तेव्हा कॉम्प्युटरवाल्याने सवयीने सेटिंग्जच्या सगळ्या फाइली उडवून टाकल्या. सॉफ्टवेअर टुणटुणीत झालं आणि हिचा हात दुसऱ्यांदा गेला. घरी येऊन ती ढसाढसा रडली.

ताई म्हणाली, "रडून झालं की ती फाइल राहते कुठे, ते शोध."

आठवून आठवून सगळं पुन्हा बसवायला अकरा दिवस लागले. फाइलही सापडली, एक नव्हे, दोन. शॉर्टकटची वेगळी होती, बाकी सेटिंग्जची वेगळी. तेव्हापासून दर शनिवारी दोन्हींची नक्कल, नावात तारीख घालून, तीन पेनड्राइव्हवर निघू लागली.

यंदा नवा मॅनेजर आला. शिस्तीचा माणूस. त्याने फर्मान काढलं, "चारही खोल्यांत सेटिंग्ज एकसारखी. कोणालाही कुठेही बसून काम करता आलं पाहिजे."

"कोणालाही म्हणजे मलाही ना, साहेब?"

"तुम्ही शिकून घ्या."

"शिकेन की. हात कुठून आणू?"

रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू होताच मूळ सेटिंग्ज आपोआप येतील, अशी व्यवस्था मॅनेजरने कॉम्प्युटरवाल्याकडून करून घेतली. डावखुरी रोज दहा मिनिटं आधी यायची, पेनड्राइव्ह लावायची, आपली फाइल चढवायची आणि कामाला लागायची. पंधरा दिवसांनी तो नेमका मागे येऊन उभा राहिला. त्याचा तिळपापड झाला. त्याने पेनड्राइव्ह उपसला आणि खिशात टाकला.

तिने शांतपणे पर्स उघडून दुसरा काढला. "तो ठेवा तुम्हाला. घरी अजून एक आहे."

प्रकरण स्टुडिओच्या मालकीणबाईंकडे गेलं. तिची बाजू घ्यायला आलेला रेकॉर्डिस्ट म्हणाला, "बाई, ही आम्हा सगळ्यांपेक्षा भरभर काम करते. हवं तर घड्याळ लावून बघा."

"घड्याळ नको," डावखुरी ताडकन म्हणाली. "मी भरभर करते म्हणून मागत नाहीये. सगळ्यांत हळू असते, तरी हेच मागितलं असतं. माझ्या हाताला जमेल असं बटण मला पाहिजे. यात मेहरबानी कसली?"

मालकीणबाईंनी कॉम्प्युटरवाल्याला बोलावून विचारलं, "प्रत्येकाची सेटिंग्ज वेगळी ठेवता येतात का रे?"

"येतात की. प्रत्येकाच्या नावाचं खातं उघडायचं. ज्याने त्याने आपल्या खात्यात शिरायचं. अर्ध्या तासाचं काम."

"मग केलं का नाहीस?"

"सगळं एकसारखं कर म्हणाले. वेगळं करता येईल का, हे कोणी विचारलंच नाही."

मॅनेजरचा चेहरा पडला. दुपारपर्यंत प्रत्येकाचं खातं उघडलं आणि रोज सकाळी मूळ सेटिंग्ज आणणारी ती व्यवस्था बंद झाली. गंमत म्हणजे आठवड्याभरात इतरांनीही आपापली बटणं हलवली. रेकॉर्डिस्टने पडद्याचे रंग बदलले, कारण म्हणे त्याचे डोळे वर्षानुवर्षं चुरचुरायचे.

मॅनेजर तिच्या टेबलाशी आला. "झालं ना आता समाधान?"

"अजून नाही. ज्याची सेटिंग्ज त्याचीच राहतील, हे लेखी द्या."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुम्ही आज आहात, उद्या दुसरे साहेब येतील. त्यांच्याशी पहिल्यापासून भांडायला मला वेळ नाही."

तो पाय आपटत निघून गेला. संध्याकाळी सही-शिक्क्याचा कागद आला. तिने तो दोनदा वाचला, त्यातल्या 'सवलत' या एका शब्दाला हरकत घेतली आणि दुरुस्त करून आणायला परत पाठवला.