मैत्रिणीचा दर

भायखळ्यापासून दादरपर्यंतच्या मुंबईत ओळख वाढेल तसा भाव वाढवणारी एकच बाई आहे, आणि ती माझी नणंद आहे. बाकी जगाची रीत उलटी. दुकानात शिरल्या शिरल्या आपण दुकानदाराचं गाव विचारतो, ते आपल्या आजोळच्या तालुक्यात निघालं की त्याला भाऊ करून टाकतो आणि मग भावाकडून वीस टक्के कमी करून घेतो. माझा स्वतःचा यात हातखंडा आहे. हिंदमातावर अस्तराचं कापड घेताना मी एका सेल्समनच्या आजारी आईची इतक्या आपुलकीने चौकशी केली की त्याने मीटरमागे चार रुपये सोडले. माझ्या पिशवीत कापड पडेपर्यंत मी त्या माउलीला विसरलेही होते. वन्संच्या घरी मात्र तुम्ही जवळचे निघालात की मेलात.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भगिनी. फोर्टमधल्या विम्याच्या कचेरीत आयुष्य काढलं, लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत, आणि निवृत्तीनंतर लालबागच्या आमच्या जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर बसून त्या लोकांच्या जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवतात. हातशिलाई. मधल्या वेळात साड्यांना फॉल. कपाटाच्या दाराला आतून दरपत्रक चिकटवलेलं आहे. फॉलचे दर असे: अनोळखी, सत्तर. ओळखीचे, नव्वद. नातेवाईक, एकशे दहा. आणि त्याखाली लाल शाईत, सल्ला देणारे, दीडशे. यामागचं शास्त्र मी एकदा विचारलं. "अनोळखी माणूस चहा पीत नाही," वन्सं म्हणाल्या. "साडी टाकतो, साडी नेतो. तू बसतेस." माझ्याच साडीचे त्यांनी एकदा एकशे वीस लावले होते. वरचे दहा कशाचे म्हटलं, तर म्हणाल्या, "तासभर माझ्या भावाची गाऱ्हाणी सांगितलीस ना? त्यात माझी सुई दोनदा टोचली." सख्ख्या भावाने पँट आखूड करायला दिली तेव्हा तर आगाऊ रक्कम घेतली. म्हणे, याने लहानपणी माझी कंपासपेटी नेली ती अजून परत दिलेली नाही.

आपल्याकडे पैसे देणं-घेणं हा व्यवहार नसून मैदानी खेळ आहे, हे त्यांना मुळीच मान्य नाही. "नको गं, घरचंच काम!" "असं कसं, घ्यायलाच हवेत!" "माझी शपथ!" "मग मी पुन्हा येणार नाही!" असं करत दोन पोक्त बायका दारात एकमेकींच्या पदराला झोंबतात, नोट कधी पर्समध्ये कोंबली जाते, कधी चपलांच्या खणावर फेकली जाते, लिफ्ट तीनदा येऊन जाते, आणि शेवटी दोघीही घरी जाऊन नवऱ्याला सांगतात, "घेतलेन् हो बयेने!" या खेळात मी सोसायटीची चॅम्पियन. वन्संसमोर मी पहिला डाव टाकला, "अहो, राहू द्या ना, आपल्यात काय..." तेवढ्यात त्यांनी तळहात पसरला आणि म्हणाल्या, "मोजून दे. सुटे आण."

अशा या बाईला गेल्याच्या गेल्या वर्षी एक दर सांगता येईना.

झालं असं, की हिल्डा आली. हिल्डा म्हणजे वन्संची कचेरीतली शेजारीण. बत्तीस वर्षं टेबलाला टेबल लावून बसल्या, आणि निवृत्त झाल्यावर ती सवय मोडू नये म्हणून रोज सकाळी नऊच्या ठोक्याला फोनवर भांडतात. हिल्डाचं घर खोताच्या वाडीत, लाकडी जिन्याचं. ते आता विकलं गेलं होतं, आणि महिन्याभरात ती मुलाकडे वसईला राहायला जाणार होती. माळा आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत तिच्या आईची अर्धवट गोधडी निघाली. आईची, आजीची लुगडी जोडलेली. हाताची गोधडी कडेकडेने आत शिवत जातात, म्हणून हिचं पोट तेवढं रिकामं राहिलं होतं. मधोमध हातभर चौकोन, आणि कडेला शेवटची सुई टोचलेली, गंजलेली.

"पुरी करशील?" हिल्डाने विचारलं. "आणि हे बघ, फुकट नाय करायचं. नायतर मी ही बोहारणीला देईन आणि टोप घेईन."

"फुकट मी देवाचंसुद्धा करत नाही," वन्सं म्हणाल्या.

"मग बोल, किती?"

वन्संनी कपाट उघडून दरपत्रक पाहिलं. अनोळखी, ओळखीचे, नातेवाईक, सल्ला देणारे. मैत्रीण हा रकानाच नव्हता. "सांगते," म्हणाल्या. वन्सं "सांगते" म्हणाल्या हे मी घरी सांगितलं तेव्हा आमच्या ह्यांनी त्यांचा ताप पाहायला थर्मामीटर शोधला.

मी उत्साहाने त्यांना बाजारभाव बघायला लोअर परळच्या मॉलमध्ये नेलं. तिथे काचेच्या एका दुकानात, स्वतंत्र दिव्याखाली, गोधडी टांगलेली होती. अठरा हजार. दुकानातल्या मुलीने "वारसा" आणि "धीमी कला" असे काही शब्द वापरले. वन्संनी चष्मा लावला, पट्टी काढली आणि टाके मोजले. "इंचाला तीन," त्या मोठ्याने म्हणाल्या. "तीन! बाळ, ही गोधडी आहे की मच्छीचं जाळं?" बाहेर पडताना म्हणाल्या, "इथेच गिरणी होती. बाबा इथूनच चिंध्या आणायचे, किलोवर." अठरा हजारांचा उपयोग एवढाच झाला की त्या अजून गोंधळल्या. कमी सांगावेत तर हिल्डाच्या आईच्या कामाचा अपमान, जास्त सांगावेत तर हिल्डाचा.

हातभर चौकोनाला वन्संना वीस दिवस लागले. एवढ्यात त्या अख्खी गोधडी उठवतात. मी एकदा डोकावले तर सुई हातात घेऊन नुसत्या बसलेल्या. टाका कसा घालायचा हे त्यांना शिकवलं होतं ते हिल्डाच्या आईनेच, शनिवारी अर्धा दिवस कचेरी सुटली की वाडीतल्या व्हरांड्यात बसवून.

इकडे हिल्डाचा टेम्पो ठरला आणि तिने मला फोन केला. "ही बाई आकडा बोलत नाय. तू व्यवहारातली. सांग, किती देऊ?" मला व्यवहारातली म्हटल्यावर माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. मी म्हटलं, "पाच हजार एक. छानपैकी पाकिटात घाल." तिने घातले, आणि माझ्याच हाती पाठवले. सोनेरी गणपतीचं पाकीट, त्यावर चिकटवलेला रुपया.

वन्संनी तो रुपया नखाने खरवडून पाहिला. "हा रुपया कशाला?"

"शुभ असतो ना, वन्सं."

"मजुरीवर रुपया लावतात? रुपया आहेरावर लावतात. तिने मला आहेर केलाय? माझं काय, डोहाळजेवण आहे?" आणि आहेर आला म्हणजे परतीचा आहेर आलाच. तासाभरात मी तेच पाकीट, वर खणाचा कपडा आणि नारळ घेऊन गिरगावच्या टॅक्सीत होते. हिल्डाने नारळाकडे पाहिलं, खणाकडे पाहिलं, पाकिटाकडे पाहिलं. "म्हणजे माझे पैसे हिला चालत नाय? ठेव म्हणावं मग गोधडी तिलाच!"

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. असे आठ दिवस. नऊच्या सुमारास वन्सं फोनच्या शेजारची धूळ पुसायच्या, तिथे धूळ नव्हती. शेवटी मी कबूल केलं की पाकीट आणि रुपया ही माझी अक्कल. मला वाटलं, सल्ला देणाऱ्यांचा दर आता हजारावर जाणार. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "कचेरीत आम्ही दोघी नव्हतो गं. तिघी होतो. तिसरीच्या मुलीच्या लग्नात मी गोधडी शिवून दिली. फुकट. हौसेने. मग तिने लोणचं पाठवलं. मग पापड. मग काचेचा सेट. मग तिच्याकडे पाठवायला काही उरलं नाही, तर ती यायचीच बंद झाली. एकदा दादरला मला बघून रस्ता ओलांडून गेली." थोडा वेळ त्यांनी सुईत दोरा ओवला. "तेव्हापासून मी पैसे घेते. जवळच्या माणसाकडून जास्त घेते. फिटलं म्हणजे माणूस मान वर करून येतो." आणि मग, स्वतःशीच, "पण हिचं फिटलं की ही वसईला जाणार."

टेम्पोच्या आदल्या दिवशी गोधडीचं गाठोडं माझ्या डोक्यावर देऊन, म्हणजे काखेत देऊन, त्या खोताच्या वाडीत गेल्या. घर रिकामं, भिंतींवर फ्रेमांचे चौकोन. हिल्डा एका खोक्यावर बसलेली. वन्संनी तिच्या मांडीवर गोधडी उलगडली. आईचे टाके कुठे संपले आणि वन्संचे कुठे सुरू झाले, ते हिल्डाने बोटाने शोधायचा प्रयत्न केला. सापडलं नाही. मी काही बोलणार होते, पण मला दीडशे रुपये आठवले.

"किती?" हिल्डाने विचारलं.

"सहा हजार."

"एवढे?" हिल्डाचा चेहरा आठ दिवसांत पहिल्यांदा उजळला. "कुठला दर हा?"

"मैत्रिणीचा. सगळ्यात वरचा." हिल्डा पर्सकडे वळली तसा वन्संनी हात आडवा घातला. "एकदम घेणार नाही. महिन्याला पन्नास. दर महिन्याला स्वतः आणून द्यायचे. मोबाईलवरून पाठवलेस तर परत पाठवीन."

हिल्डाने बोटं मोजली. "दहा वर्षं! अगं बाई, सहासष्टच्या आपण. मी मधेच वर गेले तर?"

"का? बुडवायचा विचार आहे?"

या गोष्टीला आता तिसरं वर्ष लागलंय. महिन्याच्या पहिल्या शनिवारी हिल्डा वसईहून येते, पन्नासची नोट देते, वन्सं ती उजेडात धरून खरी आहे का बघतात, पावती लिहितात, आणि मग दोघी संध्याकाळपर्यंत भांडतात. कधी हिल्डा पाकीट घरी विसरते आणि पुढच्या शनिवारी पुन्हा यावं लागतं. फार विसरभोळी झाली आहे म्हणतात वन्सं, आणि त्या शनिवारसाठी मासे सांगून ठेवतात. तेही तिच्या आवडीचे.

गेल्या श्रावणात हिल्डाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दोन हप्ते चुकले. दादरच्या पुढे बाहेरगाव मानणाऱ्या वन्सं "वसुलीला जायचंय" म्हणून तयार झाल्या आणि मला सोबत घेतलं. हिल्डा पलंगावर होती, पायांवर तीच गोधडी. आम्हाला पाहताच तिने उशीखालून दोन नोटा काढल्या. वन्संनी त्या घेतल्या नाहीत. गोधडीच्या मधल्या चौकोनावरून हात फिरवत, एखादा टाका सुटलाय का बघत त्या म्हणाल्या, "हे दोन शेवटी जोड. एवढी घाई नाही."

परत येताना रिक्षात त्या म्हणाल्या, "किती राहिले गं?"

मी मनातल्या मनात वजाबाकी केली. त्यातून आलेली दुसरी बेरीज, त्यांच्या वयाची, मनातच ठेवली. "चौऱ्याण्णव," मी म्हटलं.

"हां," वन्सं पदर सावरत म्हणाल्या, "बरेच आहेत."